जनुकीय संशोधन : भले कोणाचे, नुकसान कोणाचे

प्रश्न असा आहे की जनुकीय संशोधनाने आजवर भल्यापेक्षा नुकसानच अधिक केले आहे का. त्यामागची घटना प्रश्नकर्त्यांनी थोडक्यात कळवली आहे. त्यांच्या भाचीचे लग्न ठरत आहे आणि साखरपुड्याआधी दोघांचीही थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करून घ्यावी, असे नात्यातल्या एका डॉक्टरांनी सुचवले. त्यावरून कोथरूडच्या त्यांच्या घरी वाद झाला. घरातल्या एका वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की या जनुकांच्या विचारातूनच हिटलरचे अत्याचार झाले, याच तपासण्यांनी आपल्याकडे मुली गर्भातच मारल्या गेल्या, आणि उद्या श्रीमंत लोक हवी तशी मुले घडवून घेतील. तेव्हा आपण या वाटेला जाऊच नये.

मी पुण्यात वैद्यकीय आनुवंशिकीचे काम करते. माझा बहुतेक दिवस मूल होऊ घातलेल्या जोडप्यांशी आणि आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या आईवडिलांशी बोलण्यात जातो. माझे मत आधीच सांगते : भले अधिक झाले आहे, आणि तो फरक थोडाथोडका नाही. परंतु त्या वडीलधाऱ्यांना मी मागासलेले ठरवणार नाही, कारण त्यांनी मांडलेल्या तीन गोष्टींपैकी दोन प्रत्यक्ष घडून गेल्या आहेत आणि तिसरीचा प्रयत्न झालेला आहे. खरी अडचण अशी की ज्यांचे भले झाले ते लोक आणि ज्यांच्या पदरी नुकसान आले ते लोक बहुतांशी वेगळे आहेत. त्यामुळे सगळ्यांची बेरीज-वजाबाकी करून एक उत्तर काढले, तर ते यांपैकी कोणाच्याच अनुभवाशी जुळत नाही. म्हणून मी एकेक गोष्ट वेगळी घेते.

ज्या उपयोगांविषयी आता कोणी वादही घालत नाही, त्यांवर मी फार थांबणार नाही, पण ते मोजायचे राहून जातात म्हणून नोंदवते. १९८२ पूर्वी मधुमेहाचे रुग्ण गाय आणि डुक्कर यांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर अवलंबून होते. मानवी इन्सुलिनचे जनुक जिवाणूत बसवून ते तयार करता येऊ लागले, आणि आज आपल्या घराघरांतल्या फ्रीजमध्ये असलेले इन्सुलिन त्याच तंत्राचे आहे. हिपॅटायटिस-बीची जी लस बाळाला जन्मानंतर लगेच दिली जाते, तीही याच मार्गाने बनते. कोविडच्या काळात विषाणूच्या जनुकीय रचनेचे वाचन झाले नसते, तर ना आरटी-पीसीआर तपासणी आली असती, ना पुण्यात बनलेली कोव्हिशील्ड. या गोष्टी आपण इतक्या सहज गृहीत धरतो की ‘जनुकीय संशोधन’ म्हटल्यावर त्या डोळ्यांसमोर येतच नाहीत.

आता भाचीच्या तपासणीविषयी. बीटा थॅलेसेमियाच्या वाहक व्यक्तीला, म्हणजे जिच्याकडे सदोष जनुकाची एकच प्रत असते तिला, स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो. हिमोग्लोबिन दहा-अकराच्या आसपास असते, तांबड्या पेशी आकाराने लहान पण संख्येने भरपूर असतात, आणि अनेकदा रक्तक्षय समजून तिला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, ज्यांचा काही उपयोग होत नाही. निदानासाठी एचपीएलसी नावाची साधी रक्ततपासणी पुरते. तिच्यात हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण साधारण ३.५ टक्क्यांहून अधिक आले, तर ती व्यक्ती वाहक असण्याची दाट शक्यता असते. अंगात लोहाची फार कमतरता असेल तर हे प्रमाण खोटे कमी दिसू शकते, म्हणून अहवाल जाणकाराकडून वाचून घ्यावा. भारतात सरासरी शंभरात तीन-चार जण वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत हे प्रमाण अधिक आहे, पण ‘हा त्यांचा आजार, आपल्यात नसतो’ ही समजूत चुकीची आहे. मराठी घरांतही वाहक सापडतात.

दोघांपैकी एकच वाहक असेल, तर मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, होत नाही आणि विषय तिथेच संपतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तसे मूल सहा महिन्यांचे ते दोन वर्षांचे होईपर्यंत फिकट पडू लागते आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते. चढवलेल्या रक्तातले लोह हृदयात आणि यकृतात साचू नये म्हणून रोज वेगळी औषधे घ्यावी लागतात, आणि हे आयुष्यभर चालते. भारतात दरवर्षी अशी सुमारे दहा हजार मुले जन्माला येतात. रक्तपेढीत रक्त मिळेल की नाही या काळजीत आईवडिलांच्या नोकऱ्या, बचत आणि धाकट्या भावंडांकडचे लक्ष कसे खर्ची पडते, ते मी जवळून पाहते.

दोघे वाहक निघाले म्हणून लग्न मोडावे, असे मी कधीही सुचवत नाही. दोघांच्या जनुकांतील नेमके बदल आधी शोधून ठेवता येतात. आपल्याकडच्या बहुतेक वाहकांमध्ये तेच ते पाच-सहा बदल आढळतात. मग गरोदरपणाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अगदी सूक्ष्म तुकडा घेऊन बाळाला आजार आहे की नाही हे सांगता येते. पुढे काय करायचे, हा निर्णय त्या जोडप्याचा. काही जण गर्भपाताचा निर्णय घेतात, काही जण श्रद्धेमुळे किंवा अन्य कारणांनी घेत नाहीत, आणि दोन्ही प्रकारच्या जोडप्यांना पुढची मदत करणे हे माझे काम आहे. सायप्रसमध्ये १९७० आणि १९८०च्या दशकांत विवाहपूर्व तपासणी रूढ झाली, चर्चनेही लग्नाआधी तपासणीचे प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली, आणि एकेकाळी त्या छोट्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेला पेलवेनासा झालेला हा आजार नवजात बालकांत जवळजवळ दिसेनासा झाला. तिथल्या बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्न मोडले नाही. म्हणून भाचीची आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी अवश्य करावी. ती एकाच वेळी दोघांची करावी, आणि अहवाल प्रथम त्या दोघांच्याच हाती द्यावा.

शेवटच्या वाक्यामागे कारण आहे. माझ्या टेबलावर मी वंशावळीचा तक्ता काढते, त्यात पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ असते, आणि वाहक असेल तर ते चिन्ह अर्धे भरतात. सुनेचे वर्तुळ अर्धे भरले की बरोबर आलेल्या बाईंच्या तोंडून पुष्कळदा निघते, “म्हणजे दोष हिच्याकडूनच आला.” त्यानंतर मी मुलाचा चौकोन अर्धा भरते, मग मुलाच्या आईचे किंवा वडिलांचे चिन्ह भरते, आणि खोलीत शांतता पसरते. मुलाला आजार होण्यासाठी दोन्हीकडून एकेक जनुक यावे लागते, हे विज्ञान अगदी स्पष्ट आहे. तरीही ठपका ठेवायची जागा घराने आधीच ठरवून ठेवलेली असते. तपासणीमुळे हा अन्याय निर्माण झाला नाही, पण तपासणीने त्याला कागदाचा आधार मिळू शकतो, आणि समुपदेशन न करता नुसता अहवाल हातात ठेवला तर तो मिळतोच.

आता वडीलधाऱ्यांचा सर्वांत गंभीर आक्षेप : मुली. इथे मला कोणताही बचाव करायचा नाही. गर्भजल तपासणी भारतात १९७०च्या दशकाच्या मध्यास आली ती गर्भातील गुणसूत्रांचे दोष ओळखण्यासाठी. गुणसूत्रे मोजताना एक्स आणि वाय दिसतातच, त्यामुळे गर्भाचे लिंगही कळे, आणि काही वर्षांतच ही तपासणी प्रामुख्याने त्याच माहितीसाठी विकली जाऊ लागली. आज थोडे पैसे खर्च करा आणि पुढचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे लागत. पुढे सोनोग्राफी स्वस्त झाली आणि या कामासाठी गर्भजलाची गरजच उरली नाही, पण वाट पाडली ती आमच्या शाखेच्या तपासणीने, हे मान्य करावेच लागेल. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात ती २०११ मध्ये ८०७ होती. हे नुकसान मोजता येते, ते फार मोठे आहे, आणि ते करणाऱ्यांत पदवीधर डॉक्टर होते.

याविरुद्ध लढाही महाराष्ट्रातच सुरू झाला. स्त्री-संघटनांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा आपल्या राज्याने केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि तो कागदावरच राहतो आहे हे पाहून २००० मध्ये सेहत ही आरोग्यविषयक संशोधन करणारी संस्था, पुणे जिल्ह्यात काम करणारी मासूम ही संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्या पाठपुराव्यातून २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. आज आईच्या हातातून घेतलेल्या रक्तावरून गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी होते, प्रयोगशाळेला वाय गुणसूत्र दिसत असते, आणि तरीही भारतातल्या अहवालात लिंग छापले जात नाही. कायद्याचा जाच होतो अशी तक्रार माझे काही सहकारी करतात, कारण एखाद्या अर्जातला रकाना चुकला तरी कारवाई होऊ शकते. मला मात्र हा कायदा हवा आहे. लिंग सांगण्यासाठी माझ्यावर येणारा दबाव मी पाहिला आहे, आणि “कायद्याने मला बंदी आहे” हे वाक्य माझ्याजवळ नसते, तर कित्येकदा समोरच्या सुनेला वाचवणे मला जमले नसते.

हिटलरविषयीच्या आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा क्रम उलटा आहे. फ्रान्सिस गाल्टनने सुप्रजननाची, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाच्याच माणसांची पैदास व्हावी ही, कल्पना १८८३ मध्ये नाव देऊन मांडली, तेव्हा आनुवंशिकतेचे मेंडेलचे नियम जगाला माहीत नव्हते. आपल्याकडे त्याही आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा करून संपूर्ण समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि पारधी, कैकाडी अशा समाजांनी त्याचे चटके १९५२ पर्यंत आणि अनौपचारिकपणे त्यानंतरही सोसले. रक्तावरून माणसाची लायकी ठरवण्यासाठी कोणाला जनुकांची वाट पाहावी लागली नाही. तरीही नंतरच्या आनुवंशिकी तज्ज्ञांनी या समजुतीला शास्त्राची वस्त्रे चढवली, हे खरे आहे. अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांची सक्तीने नसबंदी झाली आणि १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली. जर्मनीत १९३३च्या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली, आणि ते काम करणारी वैज्ञानिक मंडळी विद्यापीठांतली प्रतिष्ठित माणसे होती.

पुणेकरांनी या संदर्भात मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची आठवण ठेवावी. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करत होत्या, आणि फिशर यांची संस्था पुढे नाझी वंशधोरणाचा आधारस्तंभ ठरली. कवटीच्या दोन बाजूंमधील असमानता वंशानुसार बदलते आणि तिचा बुद्धीशी संबंध आहे, या अपेक्षेने त्यांना विषय देण्यात आला होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी असा कोणताही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष आपल्या प्रबंधात मांडला. परक्या देशात, आपल्या पदवीचा निर्णय ज्यांच्या हाती आहे त्यांच्या अपेक्षेविरुद्ध जाणारे आकडे एका तरुण स्त्रीने जसेच्या तसे लिहिले, याचे मला आजही फार अप्रूप वाटते. त्या काळच्या विज्ञानाला विज्ञानातूनच असेही उत्तर मिळत होते, हे सांगितले पाहिजे.

आजच्या डीएनए अभ्यासांनी तर शुद्ध रक्ताच्या कल्पनेला कुठेच जागा ठेवलेली नाही. भारतातले जवळजवळ सर्व समाज अनेक प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून बनले आहेत, हे मिश्रण साधारण चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर झाले, आणि जातीतल्या जातीत लग्ने करण्याची घट्ट रीत त्यानंतरची आहे. त्या रीतीचा परिणाम आमच्या ओपीडीत दिसतो. शतकानुशतके आतल्या आत लग्ने झाल्याने काही समाजांत विशिष्ट दुर्मीळ आजार साचले आहेत. उदाहरणार्थ आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी दिले जाणारे एक औषध न पचवणारे लोक इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतात, आणि भूलतज्ज्ञाला हे आधी माहीत असले तर जीव वाचतो. हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या ठिकाणी सापडलेल्या एका सांगाड्याच्या डीएनएवर २०१९ मध्ये डेक्कन कॉलेजचे तत्कालीन कुलगुरू वसंत शिंदे आणि इतरांचा शोधनिबंध आला, तेव्हा त्या एकाच स्त्रीच्या अवशेषांवरून प्रत्येकाने आपापला इतिहास सिद्ध झाल्याचे जाहीर केले. त्याच वेळी प्रसिद्ध झालेला, शेकडो प्राचीन नमुन्यांवर आधारलेला दुसरा निबंध सोबत ठेवून तो वाचण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, याकडे वळते, कारण आज घडत असलेले नुकसान मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. आपल्या राज्यात नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि वेळेवर निदान होऊन हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू झाले, तर मुलांच्या वेदनेचे झटके आणि रुग्णालयाच्या वाऱ्या खूप कमी होतात. मोहीम योग्य आहे. पण नंदुरबारकडची, पुण्यात नर्सिंग शिकणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती, ती शाळेतल्या शिबिरात मिळालेले कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन. कार्डावर ‘वाहक’ लिहिले होते. तिच्या घरी त्याचा अर्थ ‘आजारी’ असा लावला गेला होता, तिला शेतावर जड काम सांगत नव्हते, दोन स्थळे परत गेली होती, आणि तिला माझ्याकडून हवे होते ते बरे होण्याचे औषध. वाहकाला औषध लागत नाही, ते जनुक तिच्या पूर्वजांना मलेरियापासून वाचवत आले म्हणून टिकले आहे, आणि जोडीदार वाहक नसेल तर मुलांना आजार होणार नाही, एवढे सांगायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास कार्ड देण्याच्या दिवशी कोणीतरी द्यायला हवा होता. अमेरिकेत १९७०च्या दशकात असेच झाले होते : कृष्णवर्णीयांची घाईघाईने तपासणी झाली, वाहक आणि रुग्ण यांत गल्लत झाली, आणि निरोगी माणसांना नोकरी आणि विमा नाकारला गेला. म्हणजे या धोक्याची कल्पना आपल्याला नव्हती, असे म्हणायला वाव नाही.

हवी तशी मुले घडवण्याविषयी थोडक्यात लिहिते, कारण भीती मोठी असली तरी विज्ञान अजून तिथे नाही. चीनमध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये भ्रूणावस्थेत जनुक बदललेल्या जुळ्या मुलींचा जन्म झाल्याचे जाहीर केले. जगभरातून निषेध झाला आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. भारतात आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुढच्या पिढीत उतरेल असा जनुकबदल करण्यास मनाई आहे. बुद्धी, उंची, स्वभाव यांत शेकडो-हजारो जनुकांचा अल्प अल्प वाटा असतो आणि परिस्थितीचा वाटा मोठा असतो. याचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे वजनाने इंग्लंडमधील बाळांपेक्षा पुष्कळ कमी असली, तरी त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने कमी नव्हती, आणि त्याचा संबंध गरोदर आईच्या पोषणाशी लागतो. मधुमेहाचे मूळ केवळ जनुकांत शोधणाऱ्याला हे कळलेच नसते. म्हणून लाळेच्या नमुन्यावरून तुमचे मूल गणितात हुशार होईल की क्रिकेटमध्ये, हे सांगणाऱ्या ज्या तपासण्या पालकांच्या माथी मारल्या जातात, त्यांवर पैसे घालवू नयेत.

संशोधनात माणसेही दगावली आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा जनुकीय उपचाराच्या प्रयोगात मरण पावला. आधीच्या प्रयोगात माकडे दगावल्याची माहिती त्याच्या संमतीपत्रात नव्हती, आणि मुख्य संशोधकाचे त्या क्षेत्रातल्या कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीच जन्मतः नसलेल्या मुलांना या उपचाराने जीवदान मिळाले, पण त्यांतल्या काहींना त्याच उपचारामुळे रक्ताचा कर्करोग झाला. नियम त्यानंतर कडक झाले आणि जनुक पोहोचवण्याची साधने बदलली.

त्यातून आज उपचार उभे राहिले आहेत, आणि आता प्रश्न किमतीचा आहे. सिकलसेलवर जनुकसंपादनाचा पहिला उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मंजूर केला. अमेरिकेत मंजुरीच्या वेळी त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे अठरा कोटी रुपये होती. आजार गडचिरोलीत आणि औषध बोस्टनच्या दरात, ही स्थिती मला असह्य वाटते. पण ती अटळ नाही, हे आपल्याच देशाने दाखवले आहे. रक्ताच्या एका कर्करोगात गुणसूत्रातला ठरावीक बदल १९६० मध्ये सापडला, त्यावर नेमका घाव घालणारे इमॅटिनिब २००१ मध्ये आले, मूळ कंपनीचे औषध महिन्याला लाख-सव्वा लाख रुपयांना पडे, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंटचा दावा फेटाळल्यामुळे भारतीय कंपन्यांचे औषध त्याच्या दशांश किमतीत मिळत राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींत जनुकीय बदल करून त्या कर्करोगाविरुद्ध वापरण्याला) परवानगी मिळाली, तोही परदेशी उपचाराच्या किमतीच्या लहानशा अंशात. सिकलसेलवरील देशी जनुकसंपादनाचे तंत्रज्ञान दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेकडून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचे २०२५च्या अखेरीस जाहीर झाले आहे. त्याचे रुग्णांवरील निष्कर्ष अजून यायचे आहेत, त्यामुळे मी घाईने आशा दाखवणार नाही. पण संशोधन थांबवले असते, तर स्वस्त करण्यासारखे काही उरलेच नसते.

जे नुकसान अजून टाळता येण्यासारखे आहे, ते माहितीचे आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जीनोमची, म्हणजे संपूर्ण डीएनएची, माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, आणि ते फार आवश्यक होते, कारण युरोपीय लोकांच्या माहितीवर बेतलेली अनुमाने आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. मात्र आपल्याकडे जनुकीय माहितीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध वेगळा कायदा नाही. जनुकीय आजार आहे म्हणून विम्याचा दावा सरसकट नाकारणे घटनाबाह्य आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. पण २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्याची किंवा जनुकांची माहिती अधिक संवेदनशील म्हणून वेगळी धरलेली नाही. लाळेवरून डीएनए तपासून देणाऱ्या अमेरिकेतल्या २३अँडमी कंपनीकडची सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनेच दिवाळखोरी जाहीर केली. लोकांनी हौसेने दिलेली लाळ अखेर लिलावातल्या मालमत्तेचा भाग झाली. आपला पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही, आणि त्यात भावंडांची आणि अजून न जन्मलेल्या मुलांचीही माहिती असते.

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील हवासुपाई या आदिवासी जमातीने १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले होते. तेच रक्त त्यांना न विचारता मानसिक आजारांच्या आणि त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरले गेले, आणि २०१० मध्ये तो अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाला सात लाख डॉलर भरपाई देऊन नमुने परत करावे लागले. म्हणून आमच्याकडच्या कोणत्याही संशोधनात नमुना देण्यापूर्वी, मग तो कोथरूडमधल्या प्रयोगशाळेत असो की धडगावच्या शिबिरात, संमतीपत्र आपल्या भाषेत वाचून मागावे, हे रक्त याच आजारासाठी वापरणार की पुढे आणखी कशासाठी तेही लेखी विचारावे, काही उपयोगाचे निष्पन्न झाले तर आम्हाला कळवणार का हे विचारावे, आणि मन बदलले तर नमुना व माहिती मागे घेण्यासाठी कोणाला भेटायचे त्या व्यक्तीचे नाव आणि फोन नंबर त्याच कागदावर लिहून घ्यावा. ज्या संशोधकाला हे लिहून देणे अडचणीचे वाटते, त्याला नमुना देऊ नये, असे मी माझ्या रुग्णांना सांगते, आणि माझ्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांनाही हाच नियम लावते.